अण्णांच्या आवाजाचे तुकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

अण्णांच्या घशाचा रिपोर्ट आला. स्वरयंत्र काढावं लागणार. ऑपरेशन वीस तारखेला. डॉक्टर म्हणाले की वेळेत सापडलंय, माणूस वाचेल, आवाज मात्र जाईल. अण्णांनी घोगऱ्या आवाजात विचारलं की उलटं तर नाही ना होणार. डॉक्टर हसले, सौ. हसली. मी हसलो नाही. वडिलांच्या आजारपणात घरातल्या एकानं तरी गंभीर राहायला हवं.

त्याच मजल्यावर एक स्पीच थेरपिस्ट बसतात. अण्णांनी दोन मिनिटांत त्यांचं नाव 'आवाजाच्या बाई' करून टाकलं. बाईंचं म्हणणं असं की घसा धड होता तेव्हाची अण्णांची रेकॉर्डिंग्ज द्या, त्यावरून त्या एक टॅब्लेट तयार करतील. अण्णांनी टाईप करायचं, टॅब्लेट अण्णांच्याच आवाजात बोलणार. रेकॉर्डिंग्ज ईमेलनं हवीत, चौदा तारखेच्या आत. शक्यतो वेव्ह फाईल्स, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या. उशीर झाला तर मशीनमधला तयार आवाज घ्यावा लागेल, कुणातरी परक्याचा.

परक्याचा म्हटल्यावर अण्णा खाली बघायला लागले. उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवलं त्यांनी. अर्धं गाव त्यांच्या ओरडण्यावर गाडी शिकलं. आता त्या घशातून परका माणूस बोलणार म्हणजे काय.

तिथल्या तिथे जाहीर केलं की हे काम माझं. संध्याकाळी ताईचा फोन. म्हणाली, तू राहू दे, मी बघते, मला असल्या कामांची सवय आहे. म्हटलं, ताई, तू एवढी लांब, तू नुसती काळजी कर. बाकी मी आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परिस्थितीचा आढावा.

अण्णांना टाईप करायचा कंटाळा. त्यामुळे गेली कित्येक वर्षं ते फोनवर बोलूनच मेसेज पाठवतात. घरातल्या घरातसुद्धा. आणि मी पडलो दूरदृष्टीचा माणूस. तीन वर्षांपूर्वीच एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून ठेवलीय. दर रविवारी ती माझ्या फोनमधले सगळे आवाजी मेसेज कॉम्प्युटरवर उतरवून घेते आणि वेगवेगळ्या फोल्डरांत लावते. आज बघितलं. 'अण्णा' नावाचं फोल्डर जागच्या जागी. आत हजारावर फाईल्स. दुसऱ्या कुणाचे डोळे भरून आले असते.

पद्धत ठरली. कमांड लाईन. म्हणजे ती काळी खिडकी. माऊस नाही, चित्रं नाहीत. हुकूम टाईप करायचा आणि तो पाळला जातो. घरात किंवा ऑफिसात हे सुख मला अन्य कुठे मिळालेलं नाही. ऑफिसात नवीन सिस्टीम आल्यापासून मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय, ते सोडा. पण काळ्या खिडकीच्या कोर्सला मी वर्गात दुसरा होतो, हे तिथे एकालाही ठाऊक नाही. पहिला आलेला पुढे हॉटेल लाईनला गेला. म्हणजे तसा मीच.

सौ. म्हणाली, माझ्या फोनवरूनच पाठवू का, अण्णांचे सगळे माझ्याकडे पण आहेत. तिला समजावून सांगितलं की फोनवरून फुलांची चित्रं पाठवतात, वडिलांचा आवाज नाही. बरं म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

संकल्प: सात तारखेपर्यंत काम खलास. नंतर अण्णांबरोबर निवांत बसायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फाईल्स वेव्हमध्ये बदलल्या. मूळ फाईल्स अगदीच किरकोळ आकाराच्या निघाल्या, नखाएवढ्या. एवढ्याशा फाईलीत माणसाचा आवाज काय मावणार. बाईंना वेव्ह हव्या आहेत तर मी सर्वांत वरच्या दर्जाच्या दिल्या. वर स्टिरिओ. एका ओळीचा हुकूम, आणि हजारावर फाईल्स धडाधड फुगत गेल्या. बघत राहावंसं वाटलं. ऑफिसला उशीर झाला.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय विचारलं. म्हटलं, तुमचंच चाललंय. त्यांना काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, खुर्ची ओढत होते. पण त्यांचा आवाज आता इतका बसलाय की कान देऊन ऐकावं लागतं, आणि माझे कान त्या वेळी डिस्कच्या करकरीकडे होते. म्हटलं, अण्णा, एवढं होऊ दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डिस्क भरली. टार नावाचा हुकूम असतो. सगळ्या फाईल्सचं एक गाठोडं बांधतो. गाठोडं अर्ध्यावर बांधून झालं आणि जागाच संपली.

साफसफाई केली. 'इतर' नावाचं एक भलंमोठं फोल्डर सापडलं. तीन वर्षांत एकदाही उघडलेलं नव्हतं. जे तीन वर्षं उघडावं लागलं नाही ते लागणार कशाला. पुसून टाकलं. काळ्या खिडकीत पुसलं की पुसलं, कचऱ्याचा डबा वगैरे लाड नाहीत. जागाच जागा झाली. मन हलकं झालं.

गाठोडं पूर्ण. एकच फाईल, दणदणीत. नाव ठेवलं 'अण्णा-आवाज'. हात लावून बघावासा वाटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाठोड्याचे तुकडे केले. मेलमधून पंचवीस एमबीच्या वर जात नाही, म्हणून मी वीस-वीसचे तुकडे पाडले. पाच एमबी राखीव. माझा स्वभावच सावध. मग लूप लावली, म्हणजे एक तुकडा उचल, मेलला जोड, पाठव, पुढचा उचल. एंटर दाबून चहा घ्यायला गेलो. सौ.ला सांगितलं की झालं म्हणून समज.

चहा पिऊन आलो तर सगळे तुकडे परत. एकूण एक. आकार जास्त आहे म्हणे.

संध्याकाळभर डोकं लढवलं तेव्हा उलगडा झाला. मेल ही मुळात अक्षरांसाठी केलेली गोष्ट. तुम्ही काहीही जोडा, ती आधी त्याची अक्षरं करते, आणि त्यात वजन तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं. वीसचे झाले सत्तावीस. म्हणजे माझी चूक नाही. वजन वाढतं हे तुकड्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

अण्णांना आज फक्त पातळ वरणाचं पाणी गेलं. मला बोलावलं होतं म्हणे. मी आत होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

काल लिहायला वेळच झाला नाही. तुकडे बारीक केले. दहा-दहाचे. साहजिकच दुप्पट झाले. लूप सुरू. पहिले काही गेले. टाळी वाजवली मी. पुढच्याच मिनिटाला माझं ईमेल खातं बंद. कारण: संशयास्पद वर्तन. कुणीतरी एकाच पत्त्यावर सारखा अगम्य मजकूर पाठवतंय, सबब हा माणूस नसून यंत्र असावं.

वडिलांसाठी जीव तोडणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागतं. खातं उघडण्यासाठी अर्ज केला. आपण यंत्र नाही हे सिद्ध करायला चित्रांतल्या सायकली ओळखायच्या होत्या. दोनदा चुकलो.

ताईचा फोन आला. ती म्हणाली की इंटरनेटवर एका जागी ठेव आणि बाईंना लिंक दे, दहा मिनिटांचं काम आहे. म्हटलं, दुसऱ्याच्या कपाटात मी आपल्या अण्णांचा आवाज ठेवणार नाही. मग तिनं विचारलं की अण्णा कसे आहेत. म्हटलं, सौ.ला देतो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. अण्णा समोर बसले की त्यांच्या गळ्याकडेच नजर जाते. आत कॉम्प्युटरसमोर बरं वाटतं. तिथे काय चुकलं ते निदान लिहून तरी येतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

नामी युक्ती. ऑफिसचा मेल सर्व्हर. सरळ तारेनं जोडलेला, सायकलीबियकली ओळखायला लावत नाही. सगळे तुकडे पेन ड्राईव्हवर घालून रेकॉर्ड रूममधल्या कॉम्प्युटरवर नेले. या वेळी लूप जास्त हुशार लिहिली. तुकडा गेला नाही तर पुन्हा पाठव, तरी नाही गेला तर परत पाठव, पोहोचेपर्यंत सोडू नको. चिकाटी हा गुण मी अण्णांकडून घेतलाय.

जेवणाच्या सुट्टीत सुरू केली. खोलीला कुलूप लावून घरी आलो. आता रात्रभर अण्णांचा आवाज तारांमधून जात राहील. झोप चांगली लागेल असं वाटतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात पोहोचलो तर दारातच केबल उभा. हा आमचा नेटवर्कवाला. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं, म्हणून केबल. त्यानं विचारलं की तुमच्या खोलीतून काय चाललंय. कालपासून अख्ख्या ऑफिसची मेल तुंबलीय. साहेबांचं टेंडर बाहेर गेलं नाही. माझे तुकडे रांगेत पुढे, टेंडर मागे. आणि लूप एकेक तुकडा पुन्हा पुन्हा रांगेत ढकलतेय.

मी शांतपणे म्हणालो की रांग लागली तर सर्व्हर लहान आहे, मेल मोठी नाही. केबल खोलीत गेला आणि माझ्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर भिंतीतून उपटली. विषय संपला.

साहेबांनी बोलावून घेतलं. मेमो देणार होते. मी वडिलांच्या ऑपरेशनचं सांगितलं तसे नरमले, म्हणाले, आधी का नाही सांगितलं, रजा घ्या, वडिलांजवळ बसा. रजा लगेच घेतली. आता पूर्ण दिवस पाठवण्याला देता येईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरचं खातं उघडलं. (सायकली जमल्या.) आता पद्धतीत सुधारणा: दोन तुकड्यांच्या मध्ये थोडं थांबायचं, म्हणजे माणूस वाटतो. अधूनमधून विषयाच्या ओळीत नमस्कार पण घातला.

सौ. दारात आली. म्हणाली की अहो, एखादी फाईल ऐकून तरी बघा, बरोबर आहे ना. मी तिला चेकसम समजावून सांगितला. फाईलीतल्या सगळ्या आकड्यांवरून एक मोठा आकडा निघतो. इथून जाताना जो निघाला तोच तिथे पोहोचल्यावर निघाला, की एका अक्षराचाही फरक नाही हे सिद्ध. ऐकण्यात माणूस चुकतो, चेकसम चुकत नाही. ती म्हणाली, पण आत काय आहे ते? म्हटलं, फोल्डरवर नाव आहे ना. ती म्हणाली की अण्णा विचारतायत पत्ते खेळायला येतो का. म्हटलं, शुक्रवारनंतर रोज.

बाहेरच्या खोलीतून त्यांचे पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. एकाग्रता होईना. दार लोटून घेतलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आवाजाच्या बाईंचा फोन. त्यांची मेल पेटी भरली. बाकीच्या पेशंटांची पत्रं परत जातायत. अतिशय नम्र बाई. म्हणाल्या की काका, पुरे आता, जेवढं आलंय तेवढं चालेल. त्यांना सांगावं लागलं की तुकड्यांचं तसं नसतं. एक तुकडा कमी असला तरी पुढचं गाठोडं सुटत नाही. सगळे हवेत. तुम्ही फक्त पेटी रिकामी करत राहा, मी भरत राहतो.

बाईंनी सुस्कारा सोडला. कामाचा ताण असणार बिचाऱ्यांना.

अण्णांना आज चक्कर आली. सौ. आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं दवाखान्यात नेऊन आणलं. मला उठवलं नाही म्हणून मी चिडलो. सौ. म्हणाली, तुम्ही जागेच होता, हाका मारल्या, तुम्ही एक मिनिट म्हणालात. तसं म्हटल्याचं मला आठवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. सकाळी तपासलं तर एक तुकडा गायब. इथून गेलेला, तिथे न पोहोचलेला. बाईंना फोन केला, त्यांनी कचऱ्यात शोधला, सापडला. पेटी रिकामी करताना तोही गेला होता. मी आभार मानले, पण आवाजात राग आला असावा.

दुपारी बाईंच्याकडचा एक तंत्रज्ञ फोनवर होता. त्याला मी तुकडे जोडायचा हुकूम अक्षर-अक्षर सांगितला. मग चेकसम. त्यानं तिकडून आकडे वाचले, मी इकडे बोट ठेवत गेलो. एकेक आकडा जुळत गेला. शेवटचा जुळला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कबूल करतो. अण्णांचा आवाज पोहोचला. अक्षरभर फरक नाही.

बाहेर जाऊन सांगितलं. अण्णांनी हात उचलून पाठीवर थाप मारल्यासारखं केलं. काही बोलले, पण कुजबुजच निघाली. मी म्हटलं, बोलू नका, घशाला ताण नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. ऑपरेशन होईस्तोवर राहणार. आल्या आल्या अण्णांच्या शेजारी जी बसली ती उठलीच नाही.

मी दोन दिवस झोपून काढले. अंगात कणकण. शिवाय या सगळ्या प्रकारावर एक टिपण लिहितोय, पुढे कुणाला उपयोगी पडेल. दुपारी बाईंचा फोन येऊन गेला म्हणे. माझा बंद होता म्हणून सौ.च्या फोनवर. पोहोचलं सगळं, असं सांगत होत्या, सौ. म्हणाली. एवढंच सांगायला अर्धा तास? आतून मला अण्णांच्या हसण्याचा आवाज येत होता. हसता हसता ठसका, ठसक्यात परत हसणं. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर येऊन काय झालं विचारलं तर तिघंही माझ्याकडे बघायला लागली. ताई म्हणाली, काही नाही रे, जेवून घे.

आजारी माणसाला हसवू नये एवढं यांना कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना दवाखान्यात भरती केलं. उद्या सकाळी ऑपरेशन. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं. अण्णा तिथून गाड्या लावणाऱ्यांच्या चुका काढत होते, कुजबुजत. सौ. त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होती आणि मोठ्यानं सांगत होती.

चारच्या सुमारास केबलचा फोन. रेकॉर्ड रूममधलं वायरिंग नवीन केलं, माझ्या कॉम्प्युटरची ती वायर परत जोडली गेली, आणि माझी लूप जिथे थांबली होती तिथून सुरू झाली. कॉम्प्युटर या सगळ्या दिवसांत बंदच केलेला नव्हता. तुकडे पुन्हा बाईंकडे निघालेत. केबल म्हणाला की सांगायला फोन केला, वायर परत काढतो. मी ओरडलोच, हात लावू नको, मी येतो. असं मध्येच तोडणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. लूप कशी थांबवायची याची एक रीत असते.

ताईनं विचारलं की आत्ता? म्हटलं, तासाभरात आलो.

गेलो. थांबवली. रीतसर. मग केबलला दाखवलं की अशी थांबवतात. परत यायला वाहन मिळेना. पोहोचेपर्यंत भेटायची वेळ संपलेली. दारावरच्या माणसाशी वाद घातला, उपयोग झाला नाही. सौ. आणि ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. सौ.चे डोळे लाल. म्हणाली की अण्णा तुमची वाट बघत होते. आमच्याशी सगळं बोलले, जमेल तसं. तुमच्याशी काहीतरी बोलायचं होतं, ते मी सांगू का विचारलं तर नको म्हणाले, त्याला मीच सांगेन.

बघू. उद्या ऑपरेशनच्या आधी भेटतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लवकरच आत नेलं होतं. भेट झाली नाही.

ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. डॉक्टर खूश.

सर्व्हर लहान होता. वाहनं मिळत नाहीत. दारावरचा माणूस उद्धट होता. हे सगळं खरं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णा शुद्धीवर, ताप नाही. गळ्याला नळी. मी गेलो की हात वर करतात. मी हात वर करतो. मग मी नळीकडे, बाटलीकडे, खिडकीकडे बघतो. मग म्हणतो की डॉक्टरांना भेटून येतो.

पाटी दिली होती लिहायला. काय सांगायचं होतं ते लिहा, असं म्हणायचं होतं मला. नर्स होती, ताई होती. राहिलं.

टॅब्लेट शनिवारी. माझ्या मेहनतीचं चीज त्या दिवशी होईल. अण्णा पहिल्यांदा बोलतील तेव्हा मी समोर असणार. ठरवलंय.

१ मार्च, शनिवार

सगळे होतो. मी अगदी समोर, पायाशी. बाईंनी टॅब्लेट आणला. अण्णांच्या मांडीवर ठेवला. वर दोन बटणं होती. मी विचारलं दोन कशाला. बाई सौ.कडे बघायला लागल्या. सौ. अण्णांकडे. अण्णांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि टाईप करायला लागले. एका बोटानं. खूप वेळ. गाडी शिकणारा नवखा माणूस गिअर शोधतो तसे एकेक अक्षर शोधत होते.

मग दाबलं. टॅब्लेट बोलला. आवाज माझा.

माझा म्हणजे माझाच. मी फोनवर बोलतो तसा, जरा घाईचा, वरच्या पट्टीतला. तो म्हणाला, अण्णा, आज मी कुठे जात नाही, तुमच्याजवळ बसतो.

ताई हसली. बाई हसल्या. अण्णा तर खांदे हलवून हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला आधी वाटलं की मशीन बिघडलं. तसं बोललोही. मग सौ.नं सांगितलं, हळू आवाजात, बाजूला घेऊन.

मी पाठवलेल्या फाईल्स अण्णांच्या नव्हत्या. माझ्या स्क्रिप्टनं 'अण्णा' फोल्डरात टाकलं होतं ते अण्णांना गेलेलं, अण्णांकडून आलेलं नव्हे. मी त्यांना केलेले मेसेज. हजारावर. आलेले सगळे ती 'इतर'मध्ये टाकत होती. 'इतर'चं काय झालं ते सौ.ला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

बाईंनी त्या रविवारी फोन लावून ऐकवले होते. एकामागून एक. अण्णा, मीटिंगमध्ये आहे. अण्णा, नंतर करतो. हो, ऐकतो सावकाश. अण्णा, आत्ता नको. दोन-तीन सेकंदांचे सगळे. बाईंना शंका आली होती की पेशंटचं वय एवढं कमी कसं आणि पेशंट स्वतःलाच अण्णा कशाला म्हणतो. अण्णा आधी खूप हसले होते. मग म्हणाले होते की हा आवाजपण ठेवा.

अण्णांचा स्वतःचा आवाज बाईंकडे चार तारखेच्या संध्याकाळीच पोहोचला होता. सौ.च्या फोनवरून. माझं उत्तर आलं नाही की अण्णा तोच मेसेज सौ.ला करायचे, त्याला सांग म्हणून. तिच्याकडे सगळे होते, घसा चांगला असतानाचे. कणीक भिजत ठेवून तिनं पाठवून दिले होते. त्याआधी मला तेच विचारत होती, परवानगी म्हणून. मला सांगितलं का नाही असं मी विचारलं. म्हणाली, तुम्ही इतके मनापासून करत होता.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. इथे लिहितोय कारण दुसरीकडे कुठे सांगणार.

परत कॉटजवळ गेलो. विचारून टाकलं. अण्णा, त्या दिवशी मला काय सांगायचं होतं? अण्णांनी दुसरं बटण निवडलं. बराच वेळ टाईप केलं, खोडलं, परत केलं. मग त्यांचा आवाज आला. तोच, खणखणीत, पूर्वीचा. आवाज म्हणाला, विसरलो.

खरंच विसरले का ते मला चेहऱ्यावरून कळलं नाही. मी आजवर तो चेहरा एवढ्या जवळून बघितलेला नाही.

बाई गेल्या. सौ. आणि ताई चहाला खाली गेल्या. मी स्टूल ओढून बसलो. अण्णांनी डोळे मिटले. शेवटी खालच्या पार्किंगचं सांगायला लागलो. एक पांढरी गाडी वाकडी लावलीय, तिच्यामुळे निळीला निघता येत नाहीये, वगैरे. अण्णांनी डोळे न उघडता हात हलवला. बोल म्हणत होते की गप्प बस म्हणत होते, ते मला समजलं नाही. मी निळ्या गाडीचं सांगत राहिलो.